जिभेखालचा खडा

पळीतला थेंबभर खार तळहातावर घ्यायचा, जिभेने टिपायचा, डोळे मिटायचे आणि स्टीलच्या वाटीत थुंकून एकच शब्द बोलायचा. "चालंल." नाहीतर "फेक." तिसरा शब्द मावशींकडे नव्हता. त्यांनी कशाला छान म्हटलेलं मी ऐकलं नाही. लोणच्यालाही नाही, माणसालाही नाही.

गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात आम्ही बारा-चौदा बायका लोणची बनवायचो. केटररवाल्यांना आणि हॉटेलांना जाणारं कैरीचं, लिंबाचं, मिरचीचं. निळ्या प्लास्टिकच्या पिंपांत फोडी मिठात मुरत पडायच्या. कुठलं पिंप पुढे मसाल्याला जायचं आणि कुठलं गटारात, ते या बाई ठरवायच्या. सगळ्या त्यांना मावशी म्हणायच्या. खाडीकाठच्या गावातल्या होत्या, वडील मिठागरात कामाला होते. मिठाचा खडा जिभेवर ठेवून तो कोणत्या आगरातला ते लहानपणी आपण सांगायचो, असं त्या म्हणायच्या. आम्ही मागे हसायचो, पण शेठचा त्यांच्या जिभेवर डोळे झाकून विश्वास होता.

मी बोळिंजहून यायचे. बी.कॉम. झालेली, लग्नानंतर साताऱ्याकडून इथे आलेली, फ्लॅटच्या चार भिंतींत कंटाळलेली. माझं काम पिंपांवर लेबलं लावायचं आणि वहीत तारीख आणि मिठाचं प्रमाण लिहायचं. पहिल्या आठवड्यातच मी दोन पिंपांची लेबलं उलटी लावली. मावशींनी चाखलं आणि पूर्ण गाळ्याला ऐकू जाईल असं विचारलं,

"कोनी लिवलं हे?"

मी हात वर केला.

"तू बोळिंजवाली ना? शिकलेली? ये, वाच."

त्यांनी पळीभर खार माझ्यापुढे धरला. मला वाटलं, थेंबभर चाखायचा. पण त्या म्हणाल्या, "सगळा." सगळ्या जणी बघत होत्या. मी प्यायले. वॉशबेसिनपर्यंतही पोचले नाही, वाटेतच ओकले. मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही की पाणी दिलं नाही. "आता चुकायची नायस," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पिंपाकडे गेल्या.

त्यांचा हा खाक्या सगळ्यांना ठाऊक होता. रेश्मा नावाची नालासोपाऱ्याची मुलगी होती, तिला त्यांनी दोनदा असंच पाजलं होतं. घरात मूल आजारी असलेल्या एकीला "पोराचं रडगानं दाराबाहेर ठेवून ये" असं सुनावलं होतं. मावशी वाईट होत्या का, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांना दया नव्हती, इतकं मात्र तुम्हीही तिथे असता तर म्हणाला असता.

कैरीच्या हंगामाच्या सुरुवातीला एक गोष्ट आमच्या नजरेत आली. जेवायला बसलं की मावशी डब्याचे दोन घास खायच्या आणि हात जबड्याखाली न्यायच्या. डाव्या बाजूला, जबड्याच्या हाडाखाली, बघता बघता लिंबाएवढी गाठ वर यायची. कातडी ताणून चकाकायची. मावशी घास तोंडात तसाच धरून बसायच्या, डोळ्यांच्या कडा लाल व्हायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने गाठ आपोआप उतरायची. चहाच्या वेळी बघावं तर काही नाही, जणू आपल्यालाच भास झाला होता.

"मावशी, काय झालं हो?"

"दाढ."

दाढ असेल म्हणून त्यांनी दाढ काढून घेतली. गाठ तरी येतच राहिली. दाढ चांगली होती, किडलेली नव्हती, हे नंतर कळलं. मग गावातल्या डॉक्टरने गालगुंड म्हणून गोळ्या दिल्या. पंचावन्न वर्षांच्या बाईला गालगुंड झालं, ही बातमी गाळ्यात यायला किती वेळ लागणार? बायका हसून हसून लोळल्या. शेठच्या कानावर गेलं तेव्हा तो हसला नाही. "मावशी, ये फैलता है. तुम्ही जरा दिवसभर बाकीच्यांपासून लांब बसा," म्हणाला. त्या दिवसापासून मावशी शटरच्या बाहेर, वेल्डिंगवाल्या गाळ्याच्या कडेला, पालथ्या क्रेटवर बसून एकट्या जेवू लागल्या. मात्र चाखायला आतच यायच्या, कारण चाखणारं दुसरं कोणी नव्हतं. साथीची भीती शेठला फक्त जेवणाच्या वेळी वाटायची.

शोध लावला तो रेश्माने. एका दुपारी ती मावशींसमोरून ओली चिंच चोखत गेली आणि मावशींचा हात झटक्यात जबड्याकडे गेला. रेश्मा आत येऊन म्हणाली, "अगं, खायला पण लागत नाही. नुसतं बघितलं तरी फुगते!"

तो आमचा खेळ झाला. कोणी आवळ्याला मीठ लावून आणायची, कोणी लिंबू कापून मावशींच्या जवळ पिळायची, कोणी नुसतीच कैरीच्या गोष्टी काढायची. मावशींच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि गाठ वर यायची. आम्ही खिडकीतून बघायचो. किती वेळात फुगते यावर पैज लागायची. एकदा एकीने मोबाइलवर व्हिडिओ काढला, तो आमच्या ग्रुपवर फिरला. मीही त्यावर हसणारा चेहरा टाकला. पळीभर खार प्यायलेल्या बाईला असं हसायचा हक्क असतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

मावशींना कळत नव्हतं असं नाही. एकदा रेश्मा आवळा घेऊन आली तेव्हा त्यांनी तिच्या हातातला आवळा काढून घेतला, तिच्याकडे बघत बघत पूर्ण चावून खाल्ला, बी थुंकली आणि म्हणाल्या, "जा. कामाला लाग." गाठ एवढी आली की मान वळेना. तरी त्यांनी जबड्याला हात लावला नाही. रेश्मा नंतर म्हणाली, "बाई आहे की भूत!" पण आवळे बंद झाले.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी मी पिंपांच्या मागे वहीतले आकडे तपासायला गेले, तर मावशी भिंतीला कपाळ टेकून उभ्या होत्या. दोन्ही अंगठ्यांनी जबड्याखाली दाबत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तोंडातून आवाज नाही. मला बघून त्यांनी पदराने डोळे पुसले.

"कोनाला बोलू नको."

"मावशी, ही दाढ नाही आणि गालगुंड पण नाही."

"मग काय हाय? तू डाक्टर?"

माझी नणंद विरारला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे कामाला होती. तिला फोन केला तर ती म्हणाली, खाताना फुगतं आणि नंतर उतरतं ना, मग घेऊन ये. मी मावशींना घेऊन गेले. का गेले, कोण जाणे. दया आली असेल. शिवाय त्यांना काय झालंय हे आपल्याला सगळ्यात आधी कळावं, हेही होतं.

डॉक्टरांनी हातमोजा घालून जिभेखाली एक बोट आणि बाहेरून एक बोट ठेवून चाचपलं. मावशी खुर्चीत ताठ झाल्या. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "लाळेच्या ग्रंथीतून जी नळी जिभेखाली येते, तिच्यात खडा अडकलाय. तुम्ही काही खाल्लं किंवा आंबट बघितलं की लाळ बनते. तिला बाहेर यायला वाट मिळत नाही, म्हणून ग्रंथी फुगते. नंतर लाळ हळूहळू झिरपून जाते आणि गाठ उतरते."

मावशींनी विचार करून विचारलं, "मुतखडा ऐकला व्हता. थुकखडा पन असतो?"

डॉक्टर हसले. "असतो."

"जन्मभर मीठ चाखलं त्याचा खडा झाला का?"

"नाही हो, मिठाचा नाही. चुन्यासारखा असतो. पाणी कमी पीत असाल."

 का कमी, ते मी सांगू शकले असते. आमच्या गाळ्याला संडास नव्हता. आवाराच्या दुसऱ्या टोकाला एक होता, तो सगळ्या गाळ्यांच्या पुरुषांचाही. कडी तुटलेली. म्हणून आम्ही सगळ्याच सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी पीत नव्हतो. मावशी तर सगळ्यांच्या आधी यायच्या आणि शेवटी जायच्या.

डॉक्टरांनी उपाय सांगितले. दिवसभर घोट घोट पाणी. जबड्याखाली गरम शेक. शेकल्यावर मागून पुढे, हनुवटीकडे, बोटांनी हलकं चोळायचं. जेवायच्या आधी लिंबाची फोड चोखायची. "दुखेल, पण लाळ जोरात सुटली तर बारीक खडा कधी कधी आपोआप बाहेर पडतो. तुमचा बारीक नाही, म्हणून महिनाभरच वाट बघू. ताप आला, गाठ उतरेनाशी झाली, तोंडात घाण चव यायला लागली तर त्याच दिवशी यायचं. मग खडा काढावा लागेल. फार मागे असला तर ग्रंथीसकट."

महिनाभर मावशींनी ते सगळं इमानाने केलं. तव्यावर मीठ भाजून फडक्यात बांधायच्या आणि पुरचुंडीने शेकायच्या. बाटलीभर पाणी प्यायच्या आणि त्या तुटक्या कडीच्या संडासाला जाताना मला दाराबाहेर उभी करायच्या. मी दार धरून उभी राहायचे. तिथे दाराआडून त्या माझ्याशी बोलायच्या. एरवी कोणाशी दोन शब्दांच्या वर न बोलणारी बाई. मुलगा टेम्पो चालवतो, सून चांगली आहे पण हात सढळ आहे, असलं काहीबाही. एकदा म्हणाल्या, "सकाळी उठले की तोंडात घान खारट येतं गो. पू असंल."

"मावशी, डॉक्टरांनी काय सांगितलंय? आजच चला."

"कैरी संपू दे. आता गेले तर चाखनार कोन?"

तेव्हा हंगाम ऐन भरात होता. दिवसाला वीस-वीस पिंपं उघडायची. प्रत्येक पिंपाचा एक थेंब, आणि प्रत्येक थेंबाला ती कळ. एका दुपारी मी बघितलं, मावशींनी तळहातावर थेंब घेतला, तळहात तोंडाजवळ नेला, डोळे मिटले, थुंकल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "चालंल." थेंब तळहातावर तसाच होता. पदराला पुसला.

ते पिंप नासलं. लग्नाच्या ऑर्डरचा माल परत आला, वर पांढरी बुरशी धरलेली. शेठने मला केबिनमध्ये बोलावलं.

"तू लिहितेस ना सगळं? खरं सांग. हे पिंप मावशीने चाखलं होतं?"

"नाही," मी म्हणाले.

इथे थांबता आलं असतं. खरं विचारलं होतं, खरं सांगून झालं होतं. पण मी पुढे बोलले. "त्यांच्या तोंडात पू होतो शेठ. त्याच तोंडाने चाखतात."

शेठचा चेहरा आंबला. ते वाक्य मी तयार करून ठेवलं नव्हतं, पण ते जिभेवर आलं तेव्हा मला त्याची चव आवडली होती. चाखणाऱ्या बाईला पंख्याखालची खुर्ची असायची. मला ती खुर्ची हवी होती. ओकारीचा दिवसही मी विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मावशींना बाटल्या धुवायला बसवलं आणि स्टीलची वाटी माझ्या हातात दिली.

मला काही कळायचं नाही. चौथ्या पिंपानंतर सगळंच खारट लागायचं. दोन दिवस मी अंदाजाने "चालंल" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी घाबरले. पळी पदराआड धरून मागे मोरीवर गेले, जिथे मावशी साबणाच्या पाण्यात हात घालून बसल्या होत्या.

"मावशी, एवढं बघा ना जरा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात पुसले. थेंब घेतला, जिभेने टिपला. गाठ लगेच वर आली. कळ थांबेपर्यंत त्यांनी मोरीचा कठडा धरून ठेवला. मग म्हणाल्या, "दोन मुठी कमी हाय. घाल."

तेव्हापासून मी रोज जाऊ लागले. आधी दिवसातून दोनदा, मग प्रत्येक पिंपाला. मी खुर्चीवर, त्या मोरीवर, आणि जीभ त्यांचीच. त्यांचा जबडा आता संध्याकाळीही उतरत नव्हता. मला ते दिसत होतं. डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं, मीच त्यांच्या शेजारी बसून ऐकलं होतं. तरी मी पळी नेत होते. "आजच्या दिवस मावशी" असं म्हणायचे. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही.

हंगाम संपायला आठवडा राहिला असताना त्या मोरीवरच आडव्या झाल्या. अंग तापलेलं, दातखीळ बसल्यासारखं तोंड उघडेना, सूज मानेपर्यंत उतरलेली. रेश्माने आणि मी रिक्षात घातलं. आवळ्यावाली रेश्मा रस्ताभर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती. मी रडले नाही. वाटी धुवायची राहिली, असं काहीतरी डोक्यात येत होतं.

आधी पू काढला, ताप उतरवला. मग काही आठवड्यांनी गळ्याला छेद देऊन ग्रंथी काढली, कारण खडा अगदी मागे रुतला होता. डॉक्टरांनी मुलाला आधीच सांगितलं होतं की सूज फार झालीये, जिभेची नस चिकटलेली असेल, बधिरपणा येऊ शकतो. लवकर आला असतात तर सोपं गेलं असतं, असंही म्हणाले. खडा वाटाण्याएवढा निघाला, पिवळट, खरबरीत. दुखणं संपलं. जिभेची डावी बाजू मात्र बधिर झाली. तिथे ना गरम कळे, ना चव.

मावशी गाळ्यावर परत आल्या नाहीत. त्यांच्याशिवाय मी पाच दिवस टिकले. मग शेठने मीठ मोजायचं एक छोटं यंत्र आणलं. काचेवर थेंब टाकायचा, आकडा दिसतो. मी पुन्हा लेबलांवर गेले. यंत्र कोणावर ओरडत नाही, कोणाला खार पाजत नाही. नव्या मुली निवांत गाणी लावून काम करतात. आवारातल्या संडासाला अजून कडी नाही.

दिवाळीच्या सुमाराला मी मावशींच्या गावी गेले. फराळाची पिशवी घेऊन. त्या ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. गळ्यावर छेदाची रेघ, ओठाची डावी कड जरा खाली उतरलेली. मला बघून म्हणाल्या, "बस." आणि आत आवाज दिला, "पोरी, चहा ठेव गो."

मी तब्येत विचारली. त्यांनी सांगितली. जेवताना गाल चावला जातो, रक्त आल्यावर कळतं. भाजीत मीठ आता सून घालते. "डाक्टर बोलला, येईल कदाचित परत. सहा महिने बघू."

बोलता बोलता मला राहवलं नाही. मी येतानाच ठरवून आले होते, की आज सांगून मोकळं व्हायचं. म्हटलं, "मावशी, एक सांगायचंय. शेठला ते पू-बिचं मीच..."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. बाटल्या धुवायला बसवताना शेठ बोलला, तुमची बोळिंजवालीच सांगून गेली."

म्हणजे मी पहिल्यांदा पळी घेऊन मोरीवर गेले तेव्हा त्यांना माहीत होतं. रोज माहीत होतं.

"मग मला चाखून का देत होतात?"

त्यांनी वालाची शेंग मोडली, दाणे परडीत टाकले. "तुला येत नव्हतं. मालाची वाट लागली असती."

"मावशी, मला माफ करा."

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. एखाद्या पिंपात वाकून बघावं तसं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. शिवी देतील, नाहीतर जाऊ दे म्हणतील. दोन्हींतलं काहीही मला चाललं असतं.

त्यांनी मान वळवून घरात हाक मारली.

"पोरी, चहा नको. ही निघाली."

मी उठले, चपला शोधल्या. फराळाची पिशवी ओट्यावर ठेवू की परत नेऊ ते सुचेना, म्हणून ती हातातच राहिली. पायरी उतरताना आत सुनेने गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.